मटमधून गेलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता चुकतोय? दोष असा शोधा

मट हा मेल वाचण्या-पाठवण्याचा प्रोग्राम टर्मिनलमध्ये सुरू झाला, मेल येऊ लागल्या, रिप्लायही जाऊ लागले. मग समोरचा माणूस फोन करून विचारतो, "हे 'सायली@दादर.लोकल' कोण आहे? उत्तर पाठवलं तर परत आलं." किंवा ऑफिसच्या मेलला घरच्या पत्त्यावरून उत्तर जातं. किंवा मेल जातच नाही, सर्व्हर नुसता ५५३ आकडा फेकून दार लावून घेतो. तिन्ही तक्रारी "फ्रॉम चुकला" या एकाच नावाने सांगितल्या जातात, पण तिघींची कारणं वेगवेगळी असतात.

नवा माणूस इथे हमखास एक गोष्ट करतो: सेटिंगच्या फाइलमध्ये एकदम पाच ओळी बदलतो. त्यातल्या एकीने काम होतं, दुसरीने नवीन बिघाड होतो, आणि कुठलीने काय झालं ते कळत नाही. पत्ता तीन ठिकाणी ठरू किंवा बदलू शकतो: मटमध्ये, मेल पुढे नेणाऱ्या प्रोग्राममध्ये आणि सर्व्हरवर. आधी तिघांपैकी कुणी बदलला ते शोधा, मग फाइल उघडा.

लिपीबद्दल एक सूचना. खाली आदेश आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची. खालची रेघ आणि आडवी रेघ जिथे दाखवली आहे तिथे तशीच ठेवा. मट यात सूट देत नाही. 'सेंड-हुक' आणि 'फोल्डर-हुक' यांत आडवी रेघ आहे, 'यूज_फ्रॉम' आणि 'माय_एचडीआर' यांत खालची रेघ आहे, तर 'रिअलनेम' सलग एकच शब्द आहे. नाव चुकलं की मट सुरू होतानाच "अननोन व्हेरिएबल" किंवा "अननोन कमांड" असं ओळ क्रमांकासकट सांगतं. तो संदेश एंटर दाबून उडवू नका.

हाताशी काय ठेवायचं

- मटची सेटिंग फाइल. बहुतेकांची होम फोल्डरमधली '.मटआरसी' असते. ती नसेल तर '.मट' किंवा '.कॉन्फिग/मट' फोल्डरमधली 'मटआरसी' बघा. दोन ठिकाणी दोन फाइली असतील तर होममधली आधी सापडते आणि दुसरी वाचलीच जात नाही. "मी बदल करतोय पण काहीच होत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.
- मेल पाठवायला एमएसएमटीपी हा वेगळा प्रोग्राम वापरत असाल तर त्याची '.एमएसएमटीपीआरसी' आणि त्याचा लॉग.
- तुमचाच दुसरा एखादा पत्ता, शक्यतो वेगळ्या कंपनीचा, चाचणीच्या मेलसाठी.
- मूळ सेटिंग फाइलची एक प्रत.

१. गेलेली प्रत आणि पोचलेली प्रत शेजारी ठेवा

दुसऱ्या पत्त्यावर एक चाचणी मेल पाठवा. तिथे ती उघडून पूर्ण हेडर (मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळी) बघा: मटमध्ये 'एच' दाबून, जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूतल्या 'शो ओरिजिनल'ने. दोन ओळी महत्त्वाच्या आहेत, 'फ्रॉम' आणि 'रिटर्न-पाथ'.

टपालाने पत्र पाठवताना कागदावर एक नाव असतं आणि पाकिटाच्या मागे प्रेषकाचा पत्ता असतो. मेलचंही तसंच आहे. 'फ्रॉम' कागदावरचा, वाचणाऱ्याला दिसणारा. पाकिटावरचा पत्ता सर्व्हर एकमेकांशी बोलताना वापरतात. न पोचलेली मेल तिथे परत येते, आणि पोचवणारा शेवटचा सर्व्हर तोच 'रिटर्न-पाथ' म्हणून लिहून ठेवतो. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असा नियम नाही. पण ते सारखे नसले की मेल स्पॅममध्ये पडण्याची वाट मोकळी होते.

आता मटने स्वतः ठेवलेली 'सेंट'ची प्रत उघडा आणि ताडून बघा:

- सेंटच्या प्रतीतच 'फ्रॉम' चुकीचा: दोष मटच्या सेटिंगमध्ये. पायरी २ आणि ३.
- सेंटमध्ये 'फ्रॉम' बरोबर, पोचलेल्या मेलमध्ये वेगळा: वाटेत बदलला. पायरी ६.
- दोन्हीकडे 'फ्रॉम' बरोबर, पण 'रिटर्न-पाथ' भलताच: पाकिटाचा घोळ. पायरी ४.
- फक्त रिप्लायमध्येच चुकतो: पायरी ५.

इथे जीमेलवाले फसतात. जीमेलचा सर्व्हर पाठवलेली मेल स्वतःच सेंटमध्ये टाकतो, म्हणून अनेकांनी मटमधलं 'रेकॉर्ड' (गेलेल्या मेलची प्रत ठेवणारी सेटिंग) बंद केलेलं असतं. मग तुम्ही बघता ती प्रत सर्व्हरने बदल केल्यानंतरची असते आणि ताडायला काही उरत नाही. चाचणीपुरतं 'रेकॉर्ड'ला होम फोल्डरमधल्या एखाद्या साध्या फाइलचं नाव द्या.

मेल न पाठवताही तपासता येतं, आणि खरं तर हाच मार्ग जास्त खात्रीचा. दोन ओळींची शेल स्क्रिप्ट लिहा: पहिली ओळ आलेले सगळे पर्याय 'एको'ने एका फाइलीत टाकते, दुसरी 'कॅट'ने आत आलेला मजकूर दुसऱ्या फाइलीत. तिला चालवण्याची परवानगी द्या, 'सेंडमेल' (मेल कुठल्या प्रोग्रामतर्फे पाठवायची) या सेटिंगमध्ये तिचा पूर्ण पाथ घाला आणि 'एसएमटीपी_यूआरएल' रिकामं करा. ते भरलेलं असेल तर मट 'सेंडमेल'कडे ढुंकूनही बघत नाही. आता मटमधून मेल "पाठवा". मेल कुठेही जात नाही. मटने पाकिटाचा पत्ता दिला असेल (पायरी ४) तर तो पहिल्या फाइलीत दिसतो, उणे एफ या पर्यायाच्या पुढे. दुसऱ्या फाइलीत 'फ्रॉम' दिसतो. मटच्या हातून नेमकं काय बाहेर पडतं यावर मग वाद राहत नाही.

२. मट पत्ता कुठून घेतं

वरचं सापडलं की खालचं बघितलंच जात नाही, असा क्रम आहे:

१) 'माय_एचडीआर'ने दिलेली 'फ्रॉम' ओळ. ही असेल तर बाकी सगळं फुकट.
२) रिप्लाय असेल आणि 'रिव्हर्स_नेम' चालू असेल तर मूळ मेल तुमच्या ज्या पत्त्यावर आली तो.
३) 'फ्रॉम' ही सेटिंग.
४) ती नसेल तर शेलमधला 'ईमेल' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.
५) तोही नसेल तर लॉगिनचं नाव, मग ॲट, मग मशीनचं नाव.

'सायली@दादर.लोकल' पाचव्या नंबरवरून येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी मशीनना मध्य रेल्वेच्या स्टेशनांची नावं ठेवली असतील तर मेल दादर, कुर्ला किंवा भायखळ्याच्या नावाने जाणार. असला पत्ता इंटरनेटवर कुठे नसतोच, त्यामुळे काही सर्व्हर मेल घेत नाहीत आणि घेतली तरी उत्तर येऊ शकत नाही. 'होस्टनेम' सेटिंग बदलून यावर मात करा असा सल्ला मिळतो. नका करू. पूर्ण पत्ता 'फ्रॉम'मध्ये लिहिला की मशीनचं नाव काय आहे याची फिकीर उरत नाही.

मट 'सुडो' लावून चालवलं तर पाठवणारा 'रूट' होतो. मेल वाचायला सुडो लागत असेल तर फायलींच्या परवानग्या बिघडल्या आहेत. त्या दुरुस्त करा.

आत्ता कुठली किंमत लागू आहे ते टर्मिनलमध्ये 'मट', मग उणे मोठा क्यू, मग 'फ्रॉम' असं लिहून कळतं. मट उघडं असेल तर अपूर्णविराम दाबून 'सेट ?फ्रॉम' लिहा. दोन्हींतला फरक लक्षात ठेवा. पहिला फक्त फाइल वाचून सांगतो. फोल्डर उघडल्यावर एखाद्या हुकने (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या सेटिंगच्या ओळीने) किंमत बदलली तर ती दुसऱ्यातच दिसते. आणि 'माय_एचडीआर'ची ओळ दोन्हींत दिसत नाही. 'सेट ?फ्रॉम' बरोबर पत्ता दाखवतंय आणि मेल मात्र वेगळ्याच पत्त्यावरून जातेय, असं असेल तर फाइलमध्ये 'ग्रेप'ने 'माय_एचडीआर' शोधा. कुणाची तरी जुनी मटआरसी जशीच्या तशी उचलली की ही ओळ सोबत येते.

३. किमान लागणाऱ्या ओळी

सेट फ्रॉम="सायली@एक्झाम्पल.नेट"
सेट रिअलनेम="सायली"
सेट यूज_फ्रॉम=येस

तिसरी ओळ एरवी लिहावी लागत नाही, मुळात ती चालूच असते. पण कुणी 'यूज_फ्रॉम' बंद केलेलं असेल तर पहिली ओळ मट सरळ दुर्लक्षित करतं, म्हणून खात्रीसाठी.

अवतरण चिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलीतून ओळ चिकटवली की चिन्हं गोलाकार होतात आणि मट त्यांना पत्त्याचाच भाग समजतं. फाइलीत ओळ डोळ्यांना ठीक दिसते, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो. संशय आला तर ओळ पुसून हाताने टाइप करा.

नाव देवनागरीत ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. मट ते पाठवताना सांकेतिक रूपात बदलतं; हेडरमध्ये '=?यूटीएफ-८?' अशी सुरुवात दिसली तर घाबरू नका, समोरच्याला नाव नीट दिसतं. फक्त टर्मिनलचं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ हवं. 'लोकेल' आदेश 'सी' किंवा 'पोसिक्स' दाखवत असेल तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं जातील. घरच्या मशीनवर सगळं ठीक असतं आणि एसएसएच करून कॉलेजच्या सर्व्हरवर गेलं की हे घडतं, कारण तिकडचं लोकेल वेगळं असतं.

४. पाकिटावरचा पत्ता

इथे आधी बघा की मेल बाहेर कोण नेतंय.

मट स्वतःच 'एसएमटीपी_यूआरएल'ने पाठवत असेल तर फारसं काही करायला नको. 'एन्व्हलप_फ्रॉम_ॲड्रेस' दिलेला असेल तर पाकिटावर तो जातो, नसेल तर 'फ्रॉम'मधलाच.

एमएसएमटीपी किंवा दुसऱ्या प्रोग्रामतर्फे पाठवत असाल तर मट मुळात पाकिटाचा पत्ता सांगतच नाही. त्यासाठी:

सेट यूज_एन्व्हलप_फ्रॉम=येस

यामुळे मट 'उणे एफ' जोडून 'फ्रॉम'मधला पत्ता पुढे देतं. 'सेंडमेल'च्या ओळीत तुम्ही आधीच उणे एफ लिहिला असेल तर तो काढा, नाहीतर दोन पत्ते एकमेकांशी भांडतात.

एमएसएमटीपीत दोन खाती असतील तर याचा मोठा फायदा आहे. उणे एफने आलेला पत्ता ज्या खात्याच्या 'फ्रॉम'शी जुळतो ते खातं एमएसएमटीपी आपोआप निवडतं. कुठलंच जुळलं नाही तर डीफॉल्ट. मात्र 'सेंडमेल'च्या ओळीत 'उणे ए' लावून खातं ठरवून दिलेलं असेल तर ही निवड होत नाही. ऑफिसची मेल घरच्या सर्व्हरवरून जाण्याचं नेहमीचं कारण हेच. तो उणे ए काढून टाका.

कुठलं खातं निवडलं गेलं ते लॉगमध्ये एका ओळीत दिसतं: होस्ट, यूजर, फ्रॉम, रेसिपिएंट्स, पुढे एसएमटीपीस्टेटस. त्यातला 'फ्रॉम' म्हणजे पाकिटावरचा, मेलमधला नव्हे. 'यूजर' एका खात्याचा आणि 'फ्रॉम' दुसऱ्याचा दिसला की दोष सापडलाच. लॉग नसेल तर '.एमएसएमटीपीआरसी'त 'लॉगफाइल' ओळ घाला. पासवर्ड त्याच फाइलीत असेल तर फाइलची परवानगी ६०० ठेवा. जास्त मोकळी असेल तर एमएसएमटीपी चालायलाच नकार देतं.

५. दोन-तीन पत्ते असतील तर

नोकरीचा एक, घरचा एक, जुन्या कॉलेजचा एक. बहुतेकांचा खरा त्रास इथे आहे. समजा ऑफिसचा पत्ता एक्झाम्पल.कॉमवर आहे, घरचा एक्झाम्पल.नेटवर.

रिप्लायसाठी आधी मटला सांगा की हे सगळे पत्ते तुमचेच:

अल्टरनेट्स '^सायली@एक्झाम्पल\.कॉम$' '^सायली@एक्झाम्पल\.नेट$'
सेट रिव्हर्स_नेम=येस

आता मेल ज्या पत्त्यावर आली त्याच पत्त्यावरून उत्तर जाईल. 'अल्टरनेट्स' विसरून नुसतं 'रिव्हर्स_नेम' चालू करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. उलट टोकाची चूक त्याहून वाईट: आळस करून तिथे '.*' लिहिणं. मग जगातला प्रत्येक पत्ता तुमचा ठरतो. मेलच्या 'टू'मध्ये पहिलं नाव साहेबांचं असलं तर तुमचा रिप्लाय साहेबांच्या पत्त्यावरून निघतो. ठिपक्याआधीची उलटी तिरकी रेघ आणि दोन टोकांची चिन्हं त्यासाठीच आहेत.

तुम्हाला बीसीसीत ठेवलं असेल तर 'टू' किंवा 'सीसी'त तुमचा पत्ताच नसतो, त्यामुळे 'रिव्हर्स_नेम'ला काही सापडत नाही आणि नेहमीचा 'फ्रॉम' लागतो. तो दोष नव्हे.

'रिव्हर्स_नेम' पत्त्यासोबत नावही उचलतं. कुणी त्यांच्या ॲड्रेस बुकात तुम्हाला "सायली अकाउंट्स अंधेरी" असं साठवलं असेल तर तुमचं उत्तर त्याच नावाने जाणार. यावर एक ओळ पुरते:

सेट रिव्हर्स_रिअलनेम=नो

नव्या मेलसाठी, कुणाला पाठवताय त्यावरून पत्ता ठरवायचा तर 'सेंड-हुक':

सेंड-हुक . 'सेट फ्रॉम="सायली@एक्झाम्पल.नेट"'
सेंड-हुक '~टी @एक्झाम्पल\.कॉम' 'सेट फ्रॉम="सायली@एक्झाम्पल.कॉम"'

पहिली ओळ कशाला, असं वाटेल. हुकने केलेला बदल मेल गेल्यावर मागे फिरत नाही. पहिली ओळ नसेल तर ऑफिसला एक मेल पाठवल्यावर पुढची घरची मेलही ऑफिसच्या पत्त्यावरून जाते. "कधी बरोबर जातं, कधी चुकतं" अशी तक्रार आली की आधी हेच बघा. सर्वांना लागू होणारी ओळ वर, खास ओळी खाली. क्रम उलटला तर खास ओळींचा परिणाम पुसला जातो. 'फोल्डर-हुक'लाही हाच नियम.

हुकमध्ये 'सेट फ्रॉम'ऐवजी 'माय_एचडीआर' वापरलं असेल तर सर्वसाधारण हुकमध्ये 'अनमाय_एचडीआर फ्रॉम' घालावंच लागतं. शक्यतो एकच पद्धत ठेवा. दोन्ही मिसळल्या तर पायरी २ मधला क्रम डोक्यात ठेवून प्रत्येक मेलचा हिशोब करावा लागतो.

शिवाय हुक एकदाच चालतात, सुरुवातीला ज्यांना पाठवायचं त्यांची यादी मिळाल्यावर. नंतर कंपोजच्या पडद्यावर 'टू' बदललात तर पत्ता बदलणार नाही. तिथे 'एस्केप' आणि मग 'एफ' दाबून 'फ्रॉम' हाताने दुरुस्त करा. खरं तर पाठवायचा 'वाय' दाबण्याआधी वरच्या 'फ्रॉम'च्या ओळीवर नजर टाकायची सवय सगळ्या हुकांपेक्षा जास्त कामाची.

६. सर्व्हर अडवतो किंवा बदलतो

५३५ आला तर तो पत्त्याचा प्रश्नच नाही. यूजर किंवा पासवर्ड चुकलाय.

५५३ आणि सोबत "सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड, नॉट ओन्ड बाय यूजर": तुम्ही एका खात्याने लॉगिन केलंत आणि पत्ता दुसऱ्याचा लावलात. ऑफिसचा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर असेल तर असाच नकार ५५०, ५.७.६० म्हणून येतो. यावर मटमध्ये इलाज नाही. एकतर खातं आणि पत्ता जुळवा, किंवा ॲडमिनकडून त्या पत्त्यावरून पाठवायची परवानगी घ्या.

जीमेल नाकारत नाही, गुपचूप बदलतं. तुमच्या खात्यात नोंदवलेला नसलेला पत्ता 'फ्रॉम'मध्ये असेल तर त्या जागी लॉगिनचा जीमेल पत्ता बसतो, आणि मूळचा 'एक्स-गूगल-ओरिजिनल-फ्रॉम' या हेडरमध्ये राहतो. तो हेडर दिसला की मटआरसी उघडू नका. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'खाली 'सेंड मेल ॲज'मध्ये दुसरा पत्ता जोडा आणि त्यावर आलेल्या कोडने खात्री करा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड मटमध्ये चालत नाही. टू-स्टेप सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्या. ऑफिसच्या गूगल खात्यावर ॲडमिनने तो बंद ठेवला असेल तर ओऑथ (पासवर्डऐवजी टोकनने लॉगिन) लागतं.

घरच्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५ बहुधा बंद असतो. ५८७ किंवा ४६५ वापरा. ५८७ वर जोडणी साधी सुरू होऊन स्टार्टटीएलएसने सुरक्षित होते, ४६५ पहिल्यापासून सुरक्षित असते. एमएसएमटीपीत ४६५ साठी 'टीएलएस_स्टार्टटीएलएस' बंद करावं लागतं, नाहीतर नुसती वाट बघत बसतं.

मेल पोचते पण स्पॅममध्ये: पाठवणारा खोटा तर नाही ना, हे सर्व्हर एसपीएफ आणि डीमार्क या दोन नियमांनी बघतो. एसपीएफ पाकिटावरच्या डोमेनची तपासणी करतं, डीमार्क 'फ्रॉम'मधल्या डोमेनची. 'फ्रॉम' ऑफिसचा आणि पाकीट घरच्या सर्व्हरचं असेल तर एसपीएफ पास होऊनही डीमार्क नापास होऊ शकतं. त्यामुळे ज्या डोमेनचा पत्ता लावायचा, मेल त्याच डोमेनच्या सर्व्हरवरून पाठवा. बाकी जुगाड काही दिवस चालतात.

७. दुरुस्तीनंतर

फाइल बदलल्यावर मट बंद करून पुन्हा उघडा. आतूनच 'सोर्स' केलं तर फाइलीतून काढलेल्या ओळींचा परिणाम तसाच राहतो आणि दुरुस्ती झाली नाही असं वाटतं.

मोठा 'पी' दाबून बाजूला ठेवलेले ड्राफ्ट जुना 'फ्रॉम' घेऊन बसलेले असतात. परत उघडल्यावर त्यांच्यावर सेंड-हुक चालत नाहीत. प्रत्येकात एस्केप-एफने पत्ता बदलावा लागतो.

८. अल्पाइनवाल्यांसाठी थोडक्यात

१९९५ मध्ये विदेश संचार निगमने मुंबईत इंटरनेट दिलं तेव्हाच्या शेल खात्यांवर पाइन हा मेल प्रोग्राम वापरलेले लोक अजूनही त्याचा वारस अल्पाइन वापरतात. तिथे फाइलीला हात लावायची गरज नाही. मुख्य मेनूत 'एस', मग 'सी'. 'पर्सनल नेम' आणि 'यूजर डोमेन' भरा. डोमेनच्या रकान्यात ॲटच्या पुढचा भागच लिहायचा, पूर्ण पत्ता नाही. ॲटच्या आधीचा भाग लॉगिनच्या नावापेक्षा वेगळा असेल तर 'कस्टमाइज्ड हेडर्स'मध्ये पूर्ण 'फ्रॉम' ओळ लिहा आणि 'अलाउ चेंजिंग फ्रॉम'वर खूण आहे का बघा. मेल लिहिताना कर्सर वरच्या हेडरच्या ओळींत असताना कंट्रोल-आर दाबलं की लपलेली 'फ्रॉम' ओळ दिसते. जास्त पत्ते असतील तर 'सेटअप'मधल्या 'रूल्स'खाली प्रत्येकासाठी एक 'रोल' बनवा.